नऊ चुलींचा धूर

समजा, तुम्हाला रोज संध्याकाळी नऊ चुली पेटवायच्या आहेत आणि शिजवायचं मात्र दहाव्या चुलीवर आहे, तेही एकाच पोटापुरतं. लाकूड तुम्हीच रानातून आणायचं. जाळ मोठा नको, धूर हवा. म्हणून सुक्या काटक्या पेटल्या की त्यावर थोडा ओला पाला टाकायचा. पाला जास्त झाला तर चूल विझते, कमी झाला तर नुसतंच भडकतं आणि लाकूड फुकट जातं. एक चूल धरली की खापरीत निखारा घेऊन पुढच्या घरात जायचं, तिथे वाकायचं, फुंकायचं, उठायचं. शेवटच्या घरात पोचेपर्यंत पहिल्या घराच्या कौलांवरचा धूर पातळ झालेला असतो. मग पुन्हा तिथे जायचं. उद्या पुन्हा हेच.

पोशी हे काम देवदिवाळीपासून करत होती.

पाड्यातले लोक तिला डोसी म्हणत, म्हणजे म्हातारी. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला तेव्हा केस अर्धे काळे होते, एवढंच ती सांगे. जव्हारहून जामसरला जाणाऱ्या वाटेच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला तिचा पाडा होता. जमीन कुणाचीच नव्हती. भात लावायला, कापायला दुसऱ्याच्या शेतात जायचं आणि ते काम संपलं की मुलाबाळांसकट परमुलखात कोळशाच्या भट्टीवर जायचं. पावसाच्या तोंडाशी परत यायचं, गवताच्या खोपी नव्याने उभ्या करायच्या. मागे पाड्यात एकच माणूस राही. पोशी.

ती विस्तव राखायला राही. तिच्या लोकांत अशी रीत होती की पाड्यातला विस्तव सबंध विझू द्यायचा नाही. परत आलेल्यांनी चूल पेटवायची ती मागे राखलेल्या विस्तवावरूनच. काडी ओढून पेटवलेल्या चुलीवर शिजेल, पण घर लाभणार नाही, असं मानत. म्हणून एकीने मागे राहून एक चूल जागती ठेवायची. एक चूल म्हणजे काही काम नव्हे. त्याच्या जोडीला पोशी सुईणपण करी, आसपासच्या पाड्यांवर बाळंतपणाला जाई. विस्तव राखेत झाकून गेलं तर सकाळपर्यंत टिकतो.

मग जव्हारच्या दरबाराने घरं बांधली.

साथीत पाडेच्या पाडे मोकळे झाले होते. भूमिहीन कुटुंबांना पावसाळ्यात तरी नीट छप्पर असावं, असं वर कुणाच्या तरी मनात आलं. पुण्याहून शिकून आलेला एक तरुण ओव्हरसिअर त्यासाठी आला. मिशी नुकती फुटलेली, आणि बोलताना हवेत बोटाने रेघा काढायची सवय. त्याने जोतं गुडघाभर उंच घेतलं, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. खांब सागाचे, भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीचा गिलावा, छपराला देशी कौलं. धुराड्याची गरज नव्हती, कौलांच्या फटींतून धूर निघून जातो. अशी नऊ घरं दोन रांगांत झाली. मधे बांधीव विहीर झाली. बाजाराच्या दिवशी जव्हारहून कंपाउंडर औषधाची पेटी घेऊन येईल आणि श्रावणात, हाताला काम नसताना, घरटी तांदूळ मिळेल, असंही ठरलं. कुडाला कारवी पाड्यातल्यांनीच आणली, चिखल त्यांनीच तुडवला.

घर कुटुंबाला होतं. एकटी बाई म्हणजे कुटुंब नव्हे, म्हणून पोशीला मिळालं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. रांगेच्या टोकाला तिची गवताची खोपी होती, विस्तव तिथेच होता. शेवटचं घर तिच्या लेकीला, चैतीला मिळालं, तेवढं तिला पुरे होतं. चैतीची दोन बाळं खोपीतच गेली होती. दोन्ही पावसाळ्यात, दोन्ही वेळा जमिनीतून ओल वर आलेली. बाळंतीण आणि बाळ भिजल्या गोणपाटावर, आणि सुईण असून पोशीच्या हातात काही नव्हतं. नव्या घरातल्या पहिल्या पावसात ती मुद्दाम रात्रीची उठून लेकीच्या जमिनीवर हात फिरवून बघे. जमीन कोरडी असे.

घराबरोबर एक अट होती. घर त्याचं, जो त्यात राहील. ती अट उगाच नव्हती. दुसऱ्या कुठल्या गावी अशीच घरं दिली, लोक निघून गेले, घरात गुरं शिरली आणि कौलं कुणी कुणी उचलून नेली. तेव्हा राहत नसेल त्याचं घर काढून दुसऱ्या गरजवंताला द्यायचं, असं ठरलं. पाड्याने मान डोलावली. घरात राहायचं नाही तर काय करायचं?

देवदिवाळी झाली. कापणी संपली, घरातली नागली संपत आली आणि भट्टीचा मुकादम येऊन विहिरीच्या कठड्यावर बसला. घर कोरडं होतं, औषध येत होतं, पण त्या रानात आता पावसापर्यंत कुणाच्या हाताला काम नव्हतं. भट्टीवर जोडपं लागतं. एकाने तोडायचं, एकीने रचायचं. लोक निघाले.

"आये, आम्ही जातो," चैती म्हणाली. तिला दिवस गेले होते, अजून कुणाला दिसत नव्हतं.

"नको जाऊ म्हटलं तर थांबशील?"

"आणि खाऊ काय? तुझी कौलं?"

तिचा नवरा ढवळू हसला. "कौलं मऊ शिजत नाय गं. परवाच बघितलं मी."

निघताना चैतीने आपलं जातं कोपऱ्यात नीट बसवून ठेवलं. नवरा म्हणाला, "घेऊ डोक्यावर?" तर ती म्हणाली, "राहू दे. जातं ठेवून कोण पळून जातं?"

माणसं गेल्यावर अटीची आठवण लहान्याने करून दिली. लहान्या हा दरबारचा शिपाई, जामसरकडचाच. टपाल घेऊन संध्याकाळचा वाटेने जाई. त्याला घरांवर नजर ठेवायला सांगितलेलं होतं, पण चढ चढून वर येण्याचा त्याला कंटाळा. तो खालूनच ओरडला, "डोसे, मला वर काही यायचं नाय. कौलांवर धूर दिसला की माणूस हाय, असं मी सांगतो. धूर नाय दिसला तर नाय म्हणून सांगेन. मग माझ्या नावाने बोंबलू नका."

पोशीने आयुष्यभर एक चूल राखली होती. त्या संध्याकाळी तिने नऊ धरल्या.

लहान्या कोणत्या दिवशी येईल याचा नेम नसे, म्हणून रोजच धरायच्या. जवळचं सुकं लाकूड थोड्या दिवसांत संपलं. मग ती ओढ्यापलीकडे जाऊ लागली. मोळी पूर्वीइतकीच बांधे, पण वाटेत दोनदा टेकू लागली. डोळे कायम लाल. सुईणपणाला बोलावणं आलं तर ती आधी विचारी, "संध्याकाळपर्यंत होईल का?" आणि बोलवायला आलेला माणूस बघतच राही. एका बाळंतपणाला ती गेलीच नाही. बाळ सुखरूप झालं, पण ते तिच्या मनाला लागून राहिलं.

लहान्या कधी कधी वाटेवर थांबे.

"डोसे, धूर तर लई दिसतो. माणसाचा आवाज कसा नाय?"

"माणसं कामाला जातात."

"रोज?"

"पोट रोज असतं."

"पोरंपण?"

"पोरं तुझ्या पगाराची वाट बघत झोपलीत. तू गेलास की उठतात."

लहान्या हसला. त्याला कळलं असावं. पण धूर दिसला की माणूस हाय, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं, आणि त्याचे पाय दुखत होते.

होळीच्या आधी जैतू आणि त्याची बायको सखी आले. ते मोखाड्याकडचे, सूर्यमाळचे. त्या साली वरचा झरा लवकर आटला. पाण्याला अर्धा डोंगर उतरावा लागे आणि त्यांची लहान मुलगी गौरा तापाने फणफणलेली. खाली बांधीव विहीर आहे, औषधवाला येतो, एवढं ऐकून ते आले आणि विहिरीजवळच्या उंबराखाली पथारी टाकून राहिले. कंपाउंडरने गौराला औषध पाजलं आणि सांगितलं, "हिला वाऱ्यात ठेवू नका. आत कुठेतरी निजवा."

आत कुठे, ते त्याने सांगितलं नाही. औषधाची पेटी घेऊन तो उतरून गेला.

नऊ घरं समोर होती. पोशी त्यांच्यासमोरून निखारा घेऊन एका दारातून शिरे, दुसऱ्यातून निघे. सखी ते बघे. तिसऱ्या दिवशी तिने न विचारता ओढ्यापलीकडून एक मोळी आणून खोपीशी टाकली.

"मी मागितली नव्हती," पोशी म्हणाली.

"ठाऊक आहे, बाय. तुझं पाणी पितो, म्हणून आणली."

"पाणी दरबाराचं आहे."

"मग लाकूड रानाचं. तू कशाला रागावतेस?"

पोशी रागावली नव्हती. ती सखीच्या लेकीकडे बघत नव्हती एवढंच. बघितलं की हात आपोआप कपाळाकडे जाणार आणि मग पुढचं सगळं आलंच.

एका संध्याकाळी चौथ्या चुलीशी वाकलेली पोशी उठलीच नाही. कमरेत उसण भरली. सखीने तिला उचलून खोपीत आणून निजवलं आणि दारात उभी राहिली.

"बाकीच्या चुली राहिल्या. विस्तव देतेस?"

राखलेला विस्तव परक्याला द्यायचा नसतो. ज्याला दिला तो घरचा. त्याला पुन्हा "ऊठ" म्हणता येत नाही. बाहेर दिवस मावळत होता आणि वाटेवर लहान्या येणार की नाही, कुणाला ठाऊक.

"घे," ती म्हणाली.

सखीने राहिलेल्या चुली धरल्या. शेवटचं घर चैतीचं. तोवर वारा सुटला. सखीने परत येऊन विचारलं, "बाय, पोरीला थोडा वेळ तिथे चुलीशी निजवू?"

आता इथे पोशीला विचार करायला जागा होती, आणि तिने केलाही. दुसऱ्या कुणाचं घर देण्याचा तिला हक्क नव्हता. सोमाचं, काळ्याचं, रामीचं घर त्यांनी तिच्या भरवशावर सोडलं होतं. भरवशाबाहेर, आपलं म्हणावं असं एकच होतं.

"चैतीच्याच घरात निजव," ती म्हणाली. "दुसरीकडे नको."

थोडा वेळ म्हणता म्हणता होळी होऊन गेली. गौराचा ताप उतरला, पण खोकला राहिला, पायात जोर नव्हता. जैतू लाकडं आणी, सखी चुली धरी, पोशी कमरेला फडकं बांधून निम्म्या धरी. लेकीच्या घराच्या कौलांतून आता खऱ्या शिजण्याचा धूर निघे. तो वेगळा दिसतो. त्यात वास असतो.

चैत्रात ओव्हरसिअर स्वतः आला. या खेपेला लहान्यालाही चढावंच लागलं.

साहेब पहिल्या घरात शिरला. चुलीत कोमट राख, पण भांडं नाही, अंथरूण नाही, दोरीवर फडकं नाही. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात त्याने कोपऱ्यातलं कोळिष्टक बोटाने काढलं आणि ते बघत उभा राहिला.

"माणसं कुठे आहेत?"

"भट्टीवर. शहापूरच्या रानात," पोशी म्हणाली.

"मग धूर कोण करतं?"

"मी करते."

साहेबाने लहान्याकडे बघितलं. लहान्या एवढं बारकाईने आपल्या वहाणा बघत होता की जणू आजच मिळाल्या होत्या.

साहेब ओटीवर बसला. टोपी काढली. तो चिडेल असं वाटलं होतं, पण तो नुसता थकल्यासारखा दिसला. हे जोतं त्याने उंच घेतलं होतं, ही कौलं त्याने निवडली होती. "वर काय सांगू मी?" तो कुणाला तरी विचारल्यासारखा म्हणाला. "चांगली घरं बांधली आणि लोक राहत नाहीत?"

"राहतात. पावसाआधी येतातच."

"नक्की?"

"मी इथे राहिले ती कशाला?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "अखेतीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत आली पाहिजेत. तोवर मी काही बोलत नाही." आणि उठून शेवटच्या घराकडे गेला.

तिथे सखी नागली दळत होती. चुलीवर पेज. गौरा भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत होती. साहेब दारात थबकला आणि त्याचा चेहरा उजळला. नऊ घरं बांधताना त्याच्या डोळ्यांसमोर होतं ते हेच. तो कुडाला हात लावून म्हणाला, "हे बघ लहान्या. याला म्हणतात घर. चूल आहे, पोर आहे, जातंसुद्धा बसवलंय."

"साहेब, जातं माझ्या लेकीचं आहे," पोशी मागून म्हणाली. "चैतीचं. घरही तिचंच."

जात्याची घरघर थांबली. सखीचा हात खुंट्यावर तसाच राहिला.

"ती कुठे आहे?"

"भट्टीवरच."

"आणि ही माणसं?"

जैतू पुढे झाला. लपवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. "सूर्यमाळचे आम्ही. झरा आटला. पोर आजारी. डोसीने निवारा दिला. साहेब, आम्हालाही राहायला घर नाय."

साहेबाच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. पण तो टाळून निघून गेला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. तो पोशीला म्हणाला, "बाई, बाकीच्या घरांना मी मुदत दिली, कारण तिथे कुणी नाही. इथे माणूस आहे, लेकरू आजारी आहे, आणि तोंडाने घर मागतायत. यांना बाहेर काढून रिकाम्या घराचं दार ओढून घेऊ? तू सांग, काढू यांना?"

पोशीने गौराकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही बघितलं.

"नको."

"मग?"

"दुसरं एखादं द्या त्यांना. नऊ आहेत."

"कुणाचं देऊ? तू बोट दाखव. दाखवशील ते देतो."

पोशी दारातून बाहेर बघत राहिली. दोन्ही रांगा उन्हात उभ्या होत्या. तिचा हात पदराखाली होता, तो तिथेच राहिला.

"दहावं बांधा, साहेब," ती शेवटी म्हणाली.

"लाकूड मागून बघतो," साहेब म्हणाला. त्याने खरंच मागून बघितलं असेल. पण लाकूड आलं नाही. शेवटचं घर त्या दिवशी जैतूच्या नावावर लागलं.

अखेतीच्या आधी माणसं परतली. कोळशाने काळी, पायाला भेगा. एकेका दारात पोशीने विस्तव दिला, एकेक चूल रीतसर लागली. आठ घरांनी म्हटलं, "डोसी, तुझ्यामुळे घर राहिलं." काळ्याच्या बायकोने तिच्या पायाला हात लावला. चैती रांगेच्या टोकाला पोचली तेव्हा पोट चांगलंच पुढे आलं होतं. आपल्या दारात दुसऱ्या बाईचं लुगडं वाळत होतं, ते बघून ती उभी राहिली. पोशीने तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. चैतीने ऐकून घेतलं.

"आये, आठ जणांचं राखलंस," ती म्हणाली.

सखी जातं उचलून खोपीच्या दाराशी घेऊन आली. दोन्ही हातांनी, घामाघूम होऊन. "बाय, आत ये. दोघी राहू," ती चैतीला म्हणाली. चैती म्हणाली, "एका घरात दोन चुली नसतात." तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. सखीने जातं तिथेच खाली ठेवलं.

पावसाळा त्यांनी खोपीत काढला. ढवळूने कारवीचा माच बांधला, जमिनीपासून हातभर उंच. श्रावणात मुलगी झाली. पोशीने नाळ कापली. सखी दर सकाळी ऊन पाणी आणून ठेवी आणि निघून जाई. खाली ओल आली, माचाचे खुंट भिजले, पोशी रात्री उठून उठून बाळाच्या पाठीखाली हात घालून बघत राहिली. बाळ जगलं. पण लेक आईशी कामापुरतंच बोलली.

पुन्हा देवदिवाळी आली, पुन्हा मुकादम येऊन कठड्यावर बसला. लोक निघाले. चैतीने या खेपेला जातं मागे ठेवलं नाही. ढवळूने त्याच्या दोन्ही तळ्या कावडीत घातल्या, एका बाजूला वरची, एका बाजूला खालची, आणि तो वाकून उतरू लागला. बाळ चैतीच्या पाठीला बांधलेलं होतं.

त्याच आठवड्यात ओव्हरसिअरची बदली झाली. सामानाची गाडी पुढे पाठवून तो खालच्या वाटेने चालला होता. पोशी मोळी घेऊन चढत होती. तिने मोळी टाकली आणि त्याला थांबवलं. तिला घराची तक्रार करायची नव्हती. दहाव्या घराचंही ती विचारणार नव्हती. कमरेवर हात ठेवून ती थोडा श्वास घेत राहिली.

"साहेब, तुम्ही शिकलेले. मी धूर ठेवला, तो खोटा निघाला. लेकीने जातं ठेवलं, ते दुसरीचं ठरलं. मग मला एवढं सांगा, माणूस परत येणार आहे हे तुम्हाला कळायला आम्ही घरात काय ठेवून जायचं?"